परत यायचे, पण कोणाच्या अटीवर?

धर्म सोडणाऱ्या माणसावर आपल्या चळवळीत भरपूर लिहिले गेले आहे. येवला १९३५, दादर १९३६, नागपूर १९५६ ही साले आपल्या पोराबाळांना पाठ आहेत. पण सोडलेल्या धर्माकडे पुन्हा जाऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल आपण काय बोलतो? बहुतेक वेळा काहीच नाही. बोललोच तर 'घरवापसी' या संघी शब्दापाशी थांबतो आणि विषय मिटवतो.

आज त्या माणसाबद्दल लिहायचे आहे, आणि त्यातही अशा माणसाबद्दल की ज्याचा विषय निघाला की सगळेच मान खाली घालतात. जन्माने कॅथलिक. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी, इंदापूर तालुक्यात घर. लहानपणी आजीचे बोट धरून हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलेला. वयात आल्यावर कळले की आपले मन पुरुष असून पुरुषाकडेच ओढ घेते. चर्च याला पाप म्हणते हे कानावर आले आणि विशीत चर्च सुटले. आता तिशीत पुन्हा मिस्सेला जाऊन बसावेसे वाटते. पण दारात पाय अडतो. हे कोणा एकाचे चरित्र नाही. असे स्त्री-पुरुष तालुक्यातालुक्यात आहेत आणि त्यांच्याशी बोलायला कोणी नाही.

काही मित्र विचारतील, आंबेडकरी माणसाला चर्चच्या आतल्या भानगडीशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. परतीचे दार कोणाच्या हातात असते, ते कोणासाठी उघडते आणि उघडण्याची किंमत काय घेतली जाते, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला इतिहास हा जातीचाच इतिहास आहे. तो आधी पाहू.

एका चहाचे प्रायश्चित्त

१८४३ साली मुंबईत श्रीपाद शेषाद्री नावाच्या एका ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ नारायण मिशनऱ्यांकडे जाऊन ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपादही मिशनच्या घरात राहिला. कोर्टकचेरी होऊन मुलगा बापाच्या ताब्यात आला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळींनी मोठा गदारोळ केला. मुलगा परत यायला तयार, बाप घ्यायला तयार, अडवणारे तिसरेच.

दुसरे प्रकरण आपल्या पुण्यातले. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तिथे चहा आणि बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही हजर होते. पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य सुरू झाले. ख्रिस्त्याच्या हातचा चहा प्यायल्याबद्दल शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा माणूस एका कपाच्या चहासाठी भटजीपुढे बसला!

या दोन्ही प्रकरणांत परतीची सोय होती, कारण परतणारा ब्राह्मण होता. याच काळात नगर जिल्ह्यात काय चालले होते? तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जेझुइट फादर पोचले. गावोगावचे महार आणि मांग ख्रिस्ती झाले. त्यांच्यासाठी कोणी ग्रामण्य केले नाही, की प्रायश्चित्ताचा विधी शोधला नाही. गावाच्या लेखी ते गेलेच नव्हते. चर्चमध्ये गेला तरी गावात महार तो महारच, विहीर तीच, वाट तीच. ज्याला आत जागाच नव्हती त्याने परत यायचे कुठे?

म्हणजे प्रायश्चित्त हा शुद्धीपेक्षा सत्तेचा विधी आहे. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे आहे, हे तो सगळ्यांना दाखवून देतो.

बारामतीची वसाहत आणि १८७१ चा कायदा

आता बारामतीकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या प्रॉटेस्टंट मिशनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारामतीत काम सुरू केले. सरकारने ज्यांना 'गुन्हेगार जमाती' ठरवले त्यांच्यासाठीची बारामतीची वसाहत पुढे याच मिशनच्या देखरेखीखाली चालली. सोलापूरची अशीच वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे होती. अशा वसाहतींत शाळा होती, काम होते, प्रार्थना होती आणि हजेरीही होती. परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही, पडलात तर गुन्हा. माणूस चोरी करतो म्हणून चोर नव्हे, अमक्या आईच्या पोटी जन्मला म्हणून चोर. मिशनऱ्यांपैकी अनेकांचा हेतू चांगला असेल. पण ते ज्याच्यावर माया करत होते त्याच्या कपाळावरचा शिक्का त्यांनी खरा मानला होता.

ज्या कायद्याची ही पिलावळ, त्या १८७१ च्या कायद्याचे पूर्ण नाव आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. तो 'गुन्हेगार जमाती आणि युनक यांच्या नोंदणीचा कायदा' होता. पहिला भाग भटक्या जमातींसाठी, दुसरा हिजड्यांसाठी. दुसऱ्या भागात ज्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालच्या गुन्ह्याचा संशय, त्यांची नावे नोंदवायची होती. नोंद झालेला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग उत्तरेकडच्या प्रांतांत लागू होता. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर आला. पण कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात पारधी आणि हिजडा एकाच कागदावर होते, हे विसरू नका. दोघांचाही गुन्हा एकच: जन्माने तसे असणे.

आणि कलम ३७७? मेकॉलेने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. त्याचे मूळ इंग्लंडच्या १५३३ च्या कायद्यात, म्हणजे रोमशी फारकत घेण्याच्या बेतात असलेल्या आठव्या हेन्रीच्या राज्यात. जे लोक आज समलिंगी संबंधांना 'पाश्चात्त्य खूळ' म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की पश्चिमेकडून आली ती शिक्षा.

मुंबई राज्यात गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. शिक्का गेला का? १९९८ साली बारामतीत एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. कायदा कागदावरून गेला तरी नजरेतून जायला पिढ्या लागतात. ३७७ चेही तेच आहे.

१९३४: बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले?

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीचे सुख यांवर ते उघड लिहीत. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला होता. दुसरा खटला १९३४ चा. मासिकाच्या गुजराती अंकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल तो होता. प्रश्न कशाबद्दल? हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल.

गोलमेज परिषदांचे राजकारण आणि पुणे कराराचा घाव ताजा असताना बाबासाहेबांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता: लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे. लोकांना प्रश्न पडतात, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर चुकीचे वाटत असेल तर ते ज्ञानाने खोडा, खटल्याने नव्हे. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. जे तशी ओढ घेऊनच जन्मतात, त्यांनी आपल्या पद्धतीने सुख शोधले तर त्यात गैर काय, असा त्यांचा रोख होता.

खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी पुढे समलिंगी हक्कांची चळवळ चालवली असा दावा मी करणार नाही. पण जन्माने मिळालेल्या गोष्टीचा माणसावर गुन्हा म्हणून शिक्का मारता येत नाही, हे त्यांचे तत्त्व महाडच्या तळ्यावर जेवढे लागू होते तेवढेच मुंबईच्या कोर्टातही होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी 'संविधानिक नैतिकता' हा शब्द वापरला. ही नैतिकता आपल्या लोकांत आपोआप येणार नाही, ती रुजवावी लागेल, असे त्यांनी बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशन खटल्यात त्याच शब्दाचा आधार घेतला. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालात तोच शब्द पुन्हा उभा राहिला आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ संपले. ही साखळी आपली आहे. ती आपण स्वतःहून सांगितली पाहिजे.

चर्च नेमके काय म्हणते?

इथे ढोबळ बोलून चालणार नाही. कॅथलिक शिकवण दोन तोंडांची आहे. १९८६ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पाठवलेल्या पत्रात समलिंगी ओढ स्वतः पाप नाही, पण ती मुळातच विस्कटलेली वृत्ती आहे, असे म्हटले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा माणसांना आदराने, करुणेने वागवावे, अन्यायाने भेदभाव करू नये, असे सांगितले. आणि त्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळावे असेही सांगितले.

भारतातली नोंदही नीट ठेवू. डिसेंबर २०१३ मध्ये ३७७ परत आले, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी चर्च समलिंगी माणसांना गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे म्हटले. समलिंगी विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. इतर काही ख्रिस्ती संघटना तर ३७७ टिकावे म्हणून न्यायालयात उभ्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे सांगितले. १८ डिसेंबर २०२३ च्या दस्तऐवजाने लग्नाचा आभास होणार नाही अशा रीतीने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली. दार किलकिले झाले आहे. उंबरठा तेवढाच उंच आहे.

परतणाऱ्या कॅथलिकापुढे जगात दोन वाटा तयार झाल्या. १९६९ मध्ये अमेरिकेत 'डिग्निटी' नावाचा गट निघाला: आम्ही समलिंगी आहोत आणि कॅथलिकही आहोत, दोन्ही ताठ मानेने. १९८० मध्ये न्यूयॉर्कला फादर जॉन हार्वे यांनी 'करेज' सुरू केले. तिथे माणसाने स्वतःला 'गे' म्हणवून घेऊ नये, 'समलिंगी आकर्षण असलेला' म्हणावे आणि ब्रह्मचर्याने जगावे, असा आग्रह असतो. 'समलिंगी आकर्षणाशी झुंज' ही भाषा याच दुसऱ्या वाटेवरची.

आपल्याला हा नावांचा खेळ ओळखीचा आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकात 'हरिजन' शब्द घालण्याला विरोध करून बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभात्याग करून बाहेर पडला. कारण साधे होते: माणसाला काय म्हणायचे हे माणूस ठरवील, त्याच्यावर दया करणारा नव्हे. 'पापाचा द्वेष, पाप्यावर प्रेम' हे वाक्य ऐकले की मला ते हरिजन-प्रेम आठवते. प्रेम आहे, पण तुझ्या असण्यातच खोट आहे हे आधी कबूल कर!

त्याच महिन्यात, १९३८ च्या जानेवारीत, बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ख्रिस्ताबद्दल त्यांनी आदर व्यक्त केला आणि दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातिभेदावर बोटही ठेवले. टीका आणि आदर एकाच भाषणात. आपल्यालाही हीच रीत धरायची आहे.

दलित ख्रिस्ती असेल तर?

पुणे-नगरच्या ग्रामीण भागातला कॅथलिक बहुधा पूर्वाश्रमीचा महार किंवा मांग असतो. त्याच्या परतीवर आणखी एक टोल आहे, आणि तो सरकारचा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती आचरण असलेल्या एका स्त्रीला हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला नाकारला.

म्हणून हा माणूस मिस्सेला परतला आणि पुन्हा उघडपणे ख्रिस्ती म्हणून जगू लागला तर त्याच्या सवलतीवर गदा येऊ शकते. नातेवाईक म्हणतात, 'लग्न कर, सगळे ठीक होईल.' चर्चचे नियम म्हणतात, एकटा राहा. सरकार म्हणते, धर्म निवड किंवा दाखला निवड. चळवळीतला कार्यकर्ता म्हणतो, 'आधी जातीचे बघू, हे नंतर.' चौघांनाही त्याने अर्धाच माणूस म्हणून आत यायला हवे आहे.

इथे गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांचे उदाहरण दिले जाते. माहीममध्ये वाढलेला हा कॅथलिक फॅशन डिझायनर उघडपणे समलिंगी होता. २००२ मध्ये त्याने जोडीदाराशी फ्रेंच कायद्याने नाते नोंदवले. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणबी साडीला त्याने पुन्हा दिवस आणले. फेब्रुवारी २०२० मध्ये तो गेला, तेव्हा त्याचा अंत्यविधी कोलवाळ गावच्या चर्चमध्ये झाला. चर्चला जेव्हा माणूस आपला म्हणायचा असतो, तेव्हा तो म्हणता येतो, हे यातून दिसते. पण वेंडेलकडे नाव होते, पैसा होता, मुंबई आणि पॅरिस होते. इंदापूरच्या वस्तीवरच्या पोराकडे यातले काय आहे? नियम तोच, पण नामवंताला तो सैल आणि गरिबाला आवळलेला; ही जातीची जुनी खोड चर्चनेही उचलली आहे.

मग काय करायचे?

काही साथी म्हणतील, असा धर्म सोडून का देत नाही? बुद्धाकडे ये! बौद्ध धम्माचे दार उघडे आहे आणि ते मी आनंदाने दाखवीन. पण दामटून आणणार नाही. बाबासाहेबांनी एकवीस वर्षे अभ्यास करून धर्म निवडला. माणसाला धर्म लागतो हे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. ज्याला आजीच्या जपमाळेत आधार वाटतो, त्याच्या आधाराची टर उडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. त्यात सोडणे येते, राहणे येते आणि परतणेही येते.

चर्चला आमचे मागणे एवढेच: कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा पुसला जात नाही. म्हणजे तुमच्याच हिशोबाने हा माणूस कधी परका झालाच नव्हता. मग पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी त्याची उलटतपासणी कशासाठी? बाकीच्यांकडून जेवढे मागता तेवढेच त्याच्याकडून मागा.

चळवळीला मागणे: ३७७ च्या निकालाचा अभिमान १४ एप्रिलच्या भाषणात मिरवायचा आणि शाखेतल्या पोराच्या चालण्याची नक्कल करून हसायचे, हे बंद करा.

आणि त्या परतणाऱ्याला एक कामाची गोष्ट. कोणी डॉक्टर, समुपदेशक किंवा प्रार्थनावाला 'बरे करून देतो' म्हणाला तर उठून चालू लागा. अमेरिकेत हेच करणारी 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही मोठी ख्रिस्ती संस्था जून २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार करणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला. बारामतीहून पुणे एसटीने काही तासांवर आहे.

तुमची झुंज कोणाशी आहे हेही एकदा तपासून बघा. आपल्या मनाशी असेल तर ती तुमची खासगी बाब. ब्रह्मचर्य पाळायचे ठरवलेत तरी तो तुमचा निर्णय, आम्ही कोण बोलणार? पण दुसऱ्याने मारलेल्या शिक्क्याशी असेल, तर त्या झुंजीत तुम्ही एकटे नाही. बारामतीच्या वसाहतीत रोज हजेरी देणाऱ्यांची नातवंडे आज त्याच तालुक्यात मान वर करून उभी राहायला धडपडत आहेत. त्यांच्या शेजारी तुमची जागा आहे. मिस्सा आटोपून या.

जय भीम! जय संविधान!